कुरडयांचा गुन्हा

आमच्या घराण्यात पोलिसांनी धरून नेलेला मी पहिलाच माणूस, आणि तेही कुरडयांपायी.

राज्य नवं होतं, दारूबंदी जुनी. खामगावात जिनिंगच्या मागं आमची झोपडपट्टी. तिथं आंबूस वास सुटला की हातभट्टी समजून शिपाई दारात हजर. त्या उन्हाळ्यात माझ्या बायकोनं, गोदीनं, कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, जर्मनच्या गंजात चीक काढून ठेवला होता. आंबलेल्या चिकाचा वास ज्यानं घेतलाय, तो शिपायाला दोष देणार नाही.

गोदी नळावर गेली होती. शिपाई नाक वर करून सरळ गंजापाशी आला.

"हे काय व्हय बे?"

चीक, एवढंच म्हणायचं होतं. पण खाकी कपडा पाहिला की माझ्या तोंडून आधी माफीच निघते. मी म्हणालो, "साहेब, पहिल्यांदाच हाय, माफी द्या." (इतका स्वच्छ कबुलीजबाब त्या चौकीला कधी मिळाला नसेल.)

गंज माझ्याच डोक्यावर देऊन त्यानं मला भर बाजारातून नेलं. चिकाचे ओघळ कानामागून सदऱ्यात उतरत होते. ओळखीची माणसं दुकानांच्या पाट्या वाचू लागली. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं.

चौकीत जमादारानं नाकाला रुमाल लावून पंचनामा लिहायला घेतला, तोच गोदी आली. मागं शेजारची सुग्राबी आणि गल्लीतल्या सगळ्या बायका. गोदी रडली नाही की पाया पडली नाही. जमादार हो-नाही म्हणायच्या आत सुग्राबीनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली. चीक रटरट शिजला. गोदीनं गूळ घालून वाटी जमादारापुढं धरली.

"खाऊन पाहा, साहेब. चढली त मलेबी आत टाका."

जमादारानं चाखला. मग वाटी पुन्हा पुढं केली. शिपायालाही मिळाला. उरलेल्या चिकाच्या कुरडया बायकांनी चौकीच्याच खाटेवर धोतर अंथरून घातल्या. जमादारानं पंचनामा फाडून चुलीत टाकला आणि मला घरी जायला सांगितलं.

मी छाती काढून उठलो. गोदीनं एकदा खाटेकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं, आणि माझ्याकडं बोट केलं.

"यायले राहू द्या, साहेब. कावळे हाकलतीन."

सगळी गल्ली जिंकल्यासारखी हसत-खिदळत घरी गेली. आणि निर्दोष सुटलेला मी दिवस मावळेस्तोवर चौकीत बसून होतो, हातात शिपायाचीच काठी घेऊन. कावळे मात्र मला अजिबात भ्याले नाहीत.