तुला बघून नाचते

दिंडोरीला आमच्या द्राक्षबागेशेजारी एक पांढरी घोडी असते. जन्मभर वराती केलेली. तिच्या मालकाने धंदा बंद केला तेव्हा मीच हट्टाने तिला ठेवून घेतलं. मी वाढले नाशिक शहरात, गंगापूर रोडला; घोडा पाहिला होता तो फक्त नवरदेवाच्या खाली.

मी गोठ्यात पाऊल टाकलं की घोडी नाचायला लागायची. मान वाकवून पुढचे पाय आलटूनपालटून उचलायची. "तुला बघून नाचते गं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या कौतुकाने या घरात माझं स्वागत कोण करतं? नाचली की मी तिला गुळाचा खडा द्यायचे.

एकदा छाटणी चालू असताना ती मला वेलींआडून दिसली. शेळ्यांजवळ उभी होती, मागचा एक पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबवत, डोळे अर्धवट मिटून. इतकी निवांत मी तिला कधीच पाहिली नव्हती. मी कौतुकाने हाक मारली. झटकन मान वर, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला आणि पाय सुरू झाले.

माझं डोकंच चालेना. पाय म्हणत होते आनंद, तोंड काही वेगळंच. गुळासाठी नाचते म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी गूळ आधीच दिला तरी नाचली. दिला नाही तेव्हा तर जास्तच जोरात नाचली. नाचलं नाही तर पाठीत चाबूक बसतो, असं वाटत असेल का तिला? की माणूस आला म्हणजे नाचायचं, एवढंच ठाऊक आहे? कुणाला विचारणार? शेवटी मी द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर तिच्याकडे पाठ करून बसले. बऱ्याच वेळाने मागे पाय थांबले. नाकातून लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. वळून बघितलं, तर पुन्हा सुरू.

तेवढ्यात दिरांच्या मुलाचं लग्न ठरलं. ओट्यावर सगळे जमलेले असताना दीर म्हणाले, "वहिनी, पोराच्या वरातीला आपलीच घोडी. लय हौशी हाय ती."

नाही म्हणावं तर कायमचा रुसवा. हो म्हणावं तर बँजो, फटाके आणि ती.

"नको भाऊजी," मी म्हणाले. "तिला नाचायला आवडत नाही."

सगळे हसले. दीर म्हणाले, "आवडत नाय? मग तुम्हाला बघून कशी नाचते?"

खरं काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही पुरतं कळलेलं नाही.

"घाबरत असेल मला," मी म्हणाले आणि सगळ्यांदेखत मला रडू फुटलं.