बायकोनं घातलेलं मशीन

वेल्डर म्हणजे एक नंबरचा हेकट माणूस. चाळीस वर्षं लोखंडाला लोखंड जोडलं, पण बायकोचा एक शब्द ऐकला असेल तर शपथ. दुसऱ्याच्या हातचं फाटक दिसलं की सांध्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "शेंबूड फासलाय नुसता."

सत्तरीत त्याच्या हृदयाची झडप आक्रसली. डॉक्टरीणबाईंनी छाती न उघडता, जांघेतून नळी घालून नवी बसवली. झडप झकास बसली, पण तिच्या दाबानं हृदयाला ठोक्याचा इशारा नेणारी शेजारची वाट दुखावली.

"ठोका मधेच थांबू शकतो," बाई म्हणाल्या. "घरी गेल्यावर हे ठोके नोंदवणारं मशीन सात दिवस छातीला लावा. त्यात अडखळ दिसली तर पेसमेकर बसवू. मग मात्र वेल्डिंग बंद. त्या करंटनं पेसमेकर गोंधळतो."

घरी आल्यावर अंघोळीलाच त्याला भोवळ आली. बायकोनं धरलं म्हणून वाचला. अंग पुसून त्यानं मशीन तिच्यापुढे धरलं. "तू लाव."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"पेसमेकर बसला की मी घरात बसून करू काय? तुझं तोंड बघू?"

एवढं ऐकूनही तिनं मशीनच्या चिकटपट्ट्या स्वतःच्या छातीला लावल्या. सात दिवस मशीन कपड्यांआड घेऊन भांडी घासली, जिने चढली. त्याला आणखी दोनदा भोवळ आली. बाईंना सांगूया म्हटलं की अंगावर खेकसायचा.

रिपोर्ट बघून बाई खूश झाल्या. "त्या वाटेवरची सूज उतरलेली दिसते. पेसमेकर नको." त्यानं बायकोकडे बघून डोळा मारला. तिलाही हसू आलं, खोटं कशाला बोला.

त्यानंतर चौथ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तो उभ्याउभ्या कोसळला. कुणी तोंडावरचा मास्क काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगा आईला घेऊन तडक दवाखान्यात गेला आणि बाईंना नाही नाही ते बोलला. बाईंनी रिपोर्ट पुढे ठेवला.

"सात दिवसांत एक ठोका चुकलेला नाही," त्या म्हणाल्या. "तरी माझंच कुठंतरी चुकलं. मी त्यांना घरी सोडायलाच नको होतं."

"तुम्ही मारलंत त्यांना," मुलगा म्हणाला. "आई, तू तरी बोल."

आईनं त्या कागदावरच्या सरळ, नेटक्या ठोक्यांकडे पाहिलं.

"मी काय बोलू," ती म्हणाली. "मला यातलं काय कळतंय."