नीट उत्तरं

"दाढी काढल्याशिवाय कॉय सुनावणीला त्या लोकांसमोर बसणार नाही. विषय संपला."

"तुझा संपला असेल, हार्लन. माझा अजून चालू आहे." आर्लीननं ओव्हनमधून मक्याच्या पावाचं भांडं काढलं आणि जरा जोरातच टेबलावर ठेवलं. "मिस प्रूइटनं दोनदा सांगितलंय, आहे तसा येऊ दे त्याला."

"प्रूइटबाईंनी कधी गणवेश घातलाय अंगात?"

"तिचा नवरा होता सैन्यात."

"नवरा होता! माझी बायको शाळेच्या मुदपाकखान्यात राबते, म्हणून मला बिस्किटं करता येतात का?"

"करता नाही येत. खाता मात्र येतात."

एरवी हार्लन यावर हसला असता. आज नाही हसला. चर्चमधून आल्यावर त्यानं टायसुद्धा सोडला नव्हता. "हे बघ, समोर तीन अधिकारी बसणार. पडद्यावर का होईना, ते त्याला पहिल्यांदा बघणार. गुहेतनं उठून आल्यासारखा माणूस दिसला, तर काय म्हणतील? म्हणतील, बरं केलं हाकलला ते."

"आजारी माणूस आजारी दिसला, असं म्हणतील. तेवढंच तर पटवून द्यायचंय आपल्याला."

"माझा मुलगा आजारी नाही."

न्हाणीघराचं दार उघडलं आणि कॉय बाहेर आला. तीन वर्षं छातीपर्यंत रुळणारी दाढी त्यानं साफ उतरवली होती. गालांवरची कातडी पांढरीफटक, ऊन न लागलेली. हनुवटीवर कापल्याचा बारीक लाल ठिपका. त्यानं केसही ओले करून मागे बसवले होते.

"ठीक आहे का, सर?" त्यानं वडिलांना विचारलं.

हार्लनचा चेहरा उजळला. तो उठला, मुलाच्या खांद्यावर त्यानं थाप मारली. "हा बघ! हा माझा पोरगा. बघितलंस, आर्लीन? वाद घालत बसलो आपण दोघं, आणि तो शहाणा निघाला."

आर्लीनला बरं वाटायला हवं होतं. हीच दाढी काढावी म्हणून पूर्वी तिनं किती मिनतवाऱ्या केल्या होत्या. पण तिला बरं वाटलं नाही. तिनं पाव कापायला घेतला.

आर्लीन स्टॅम्परचा जन्म याच डोंगरातला, लग्नही याच खोऱ्यात. शाळेच्या मुदपाकखान्यात ती वीस-बावीस वर्षं होती. कुठल्या पोराला घरी रात्रीचं जेवण मिळालं नाही, हे ती त्याच्या ताट धरण्यावरून ओळखायची आणि न बोलता एक डाव जास्त घालायची. घरात मात्र ती ठरवणारी कधीच नव्हती. ठरवायचा हार्लन, तिचं काम, ते बाकीच्यांच्या गळी उतरवणं. आणि बाहेर कोणी काही विचारलं, की तिच्याकडे एक शब्द तयार असे. कोळशाची खाण बंद पडून हार्लन सहा महिने पलंगावर पडून होता तेव्हाही, किराणा दुकानात कोणी विचारलं की ती म्हणायची, "ठीक आहे तो." तोंडातून दुसरा शब्द कधी निघाला नाही. इथल्या सगळ्याच बायका असं म्हणतात.

कॉय एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला. हार्लननंही तरुणपणी जर्मनीत रणगाडे दुरुस्त केले होते, एकही गोळी न ऐकता. त्याला फार अभिमान वाटला. कॉयला दिली ट्रक चालवायची कामगिरी, वाळवंटातल्या रस्त्यांवर, एकामागून एक रांगेत. एके दिवशी त्याच्या पुढचा ट्रक रस्त्यावर होता, स्फोट झाला आणि मग नव्हता. त्यानंतर तो ट्रकच्या स्टिअरिंगवर बसेना. दमदाटी झाली, शिक्षा झाल्या. नेमलेल्या जागेवरून उठून तो धुलाईघरात जाऊन बसायचा, कपडे वाळवायच्या यंत्रांना पाठ टेकून. तिथल्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, असं एकदा त्यानं आईला सांगितलं होतं. सैन्याच्या डॉक्टरनं त्याला उभ्या उभ्या तपासलं आणि लिहिलं, स्वभावातलाच मूळचा दोष. वरच्यांनी जोडलं, बेशिस्त. या दोन गोष्टी मिळून त्याला घरी पाठवलं, तेही वाईट शेरा मारून.

तो शेरा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. त्यामुळे सैनिकांच्या रुग्णालयाचं दार बंद. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्तेखात्यात नोकरी मिळत होती, तीही शेरा पाहून गेली. म्हणून अपील. पहिलं अपील कागदोपत्रीच झालं. त्याला हार्लननं स्वतःचं पत्र जोडलं होतं, मोठ्या अक्षरात, मनापासून लिहिलेलं: माझा मुलगा धडधाकट आहे, त्याच्या डोक्यात काही बिघाड नाही, आमच्या घराण्यात तसलं काही नाही. सैन्याच्या अपील मंडळानं ते अपील फेटाळलं. कारण दिलं की, आजार होता असं कुटुंबीयांचंही म्हणणं नाही.

सैनिकांची प्रकरणं बघणारी कौंटीची मिस प्रूइट (लग्न झालं तरी गाव तिला मिसच म्हणायचं) तेव्हा डोक्याला हात लावून बसली. "मिस्टर स्टॅम्पर, तो चांगला मुलगा आहे का, हे ते बघत नाहीत हो. तो तेव्हा आजारी होता का, एवढंच बघतात." हार्लननं मान डोलावली. पण त्याच्या कानांनी ऐकलं ते एवढंच की, पुढच्या वेळी जास्त चांगलं दिसायला हवं.

आता पुढची वेळ आली होती. येत्या गुरुवारी तोंडी सुनावणी, कौंटीच्या कचेरीत, व्हिडिओच्या पडद्यासमोर. यात हार झाली तर पुढे दार नाही.

जेवण झाल्यावर हार्लननं रोजच्यासारखी उजळणी घेतली. तो खुर्चीत, कॉय समोर उभा.

"झोप कशी आहे?"

"चांगली आहे, सर."

"राग येतो का?"

"नाही, सर. तो काळ मागे पडला."

"सैन्याबद्दल काही तक्रार?"

"नाही, सर. चूक माझी होती. मी सुधारलोय."

"शाब्बास."

आर्लीन भांडी पुसत ऐकत होती. गेल्या आठवड्यापर्यंत हा मुलगा या प्रश्नांना उत्तरच देत नव्हता; भिंतीकडे बघायचा, मध्येच उठून ट्रकमध्ये जाऊन झोपायचा. आता एकही शब्द अडत नव्हता. एवढंच नाही, गेल्या गुरुवारी त्यानं स्वतःची खोली झाडली होती, शुक्रवारी सगळे कपडे घड्या घालून ठेवले होते. काल बापाचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करून दिलं, जे दोन उन्हाळे तसंच पडलं होतं. हार्लन ज्याला त्याला सांगत सुटला होता, की पोरगा मार्गी लागला.

"सुधारला म्हणालास, तर आजार होता हे कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"तू भांडी पूस," हार्लन म्हणाला, पण वैतागून नाही. तो खुशीत होता. पुढच्या शनिवारी हरणांची शिकार सुरू होत होती, आणि बऱ्याच वर्षांनी कॉय बरोबर यायला तयार झाला होता. बैठकीच्या खोलीत बंदुकांचं काचेचं कपाट होतं, त्याची किल्ली घड्याळामागच्या खिळ्याला. ती कुठे असते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

सोमवारी आर्लीन शाळेतून आली, तर एल्डन राइस दारात उभा. एल्डन हार्लनचा शिकारीचा सोबती, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एकटाच राहणारा म्हातारा.

"कॉय नाहीये का? म्हटलं, विचारून घ्यावं. पेनीला कुठलं खाणं घालता तुम्ही? माझ्याकडच्याला तोंडच लावत नाही ती. राणीसरकारच आहे."

पेनी कॉयची कुत्री. सैन्यातून परतल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्याला ती रस्त्यावर सापडली होती. रात्री ट्रकमध्ये झोपायचा तेव्हाही ती त्याच्या पायांशी असायची.

"पेनी तुझ्याकडे आहे?"

एल्डन चपापला. "शनिवारी आणून दिली की त्यानं. कायमचीच ठेव म्हणाला. मला वाटलं, तो कुठे गावाबाहेर जातोय नोकरीला. मासे धरायच्या काठ्याही दिल्या, चांगल्यातल्या. मी म्हटलं, अरे बाबा, मी म्हातारा, मला कशाला? तर म्हणाला, मला आता लागणार नाहीत." त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "आर्लीन, ठीक आहे ना तो?"

तिच्या तोंडाशी शब्द आला होता, सवयीचा. तो बाहेर पडला नाही.

तिला आठवला तिचा भाऊ व्हर्नन. त्यालाही असेच एका वसंतात बरे दिवस आले होते. शेजाऱ्यांकडून आणलेली हत्यारं एकेकाच्या घरी जाऊन परत केली, कोठार झाडून लख्ख केलं, रविवारी इस्त्रीचा सदरा घालून चर्चला आला. पायरीवर कोणीतरी विचारलं, तेव्हा तीच म्हणाली होती, "ठीक आहे तो, बराच सावरलाय." मंगळवारी त्याच लख्ख कोठारात तो सापडला. त्यानंतर घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. हार्लनच्या पत्रात लिहिलं होतं ना, आमच्या घराण्यात तसलं काही नाही.

"एल्डन, जरा थांब," ती म्हणाली. "जाऊ नकोस लगेच."

कॉय मागच्या ओट्यावर बसून बूट पॉलिश करत होता. तिच्यासाठी जागा केली त्यानं.

"पेनीला का दिलंस?"

"तिकडे मोकळं रान आहे. हिंडेल."

"परत कधी आणणार?"

त्यानं बुटाच्या टाचेवर फडकं फिरवलं. "गुरुवार होऊ दे, मॉम."

"गुरुवारनंतर काय?"

"गुरुवारनंतर काही नाही."

खालच्या रस्त्यावरून शाळेची बस रिकामी परत चालली होती. ती जाईपर्यंत आर्लीन थांबली. आयुष्यात तिनं कोणालाही असं सरळ विचारलं नव्हतं.

"कॉय, तुझ्या मनात मरायचं आहे का?"

त्यानं मान वर केली नाही. फडकं मात्र थांबलं.

"खरं उत्तर देऊ, की डॅडीला देतो तसं नीट?"

"खरं."

त्यानं पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "ती उत्तरं पाठ झाल्यापासून फार सोपं झालंय, मॉम. झोप चांगली आहे, सर. राग नाही, सर. गुरुवारी ते लोक चांगला शेरा देतील, तो डॅडीला मिळेल. त्यांना तेवढंच हवंय. मग माझं काम संपलं."

"आणि नाही दिला तर?"

"तरी संपलंच."

तिला ओरडावंसं वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, लहानपणी रस्त्यात धावत गेला होता तेव्हा दिली होती तशी. तिनं त्याच्या हातातला बूट काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"दवाखान्यात येशील माझ्याबरोबर?"

"कुठल्या? माझ्या शेऱ्यावर कोण घेतंय?"

"कुठल्याही. जो दार उघडेल त्या. येशील का?"

त्यानं खांदे उडवले. मग अगदी हळू म्हणाला, "तू बरोबर असलीस तर."

तिनं आत येऊन मिस प्रूइटला फोन लावला. एवढं सलग ती फोनवर कधी बोलली नसेल. व्हर्ननचंही सांगितलं. पलीकडून मिस प्रूइट म्हणाली, "मिसेस स्टॅम्पर, पहिलं म्हणजे त्याला एकटं सोडू नका, आणि बंदुका आज, आत्ता घराबाहेर काढा. सुनावणीचं नंतर बघू. पुढे ढकलायला लागली तर ढकलू. आणि हे सगळं तुम्ही मंडळापुढे बोलाल का?"

"माझा नवरा घराबाहेर काढेल मला."

"काढेल का खरंच?"

आर्लीननं विचार केला. "नाही. पण बोलायचा बंद होईल."

घड्याळामागची किल्ली तिनं काढली. एल्डननं बंदुका एकेक करून घोंगड्यात गुंडाळल्या आणि आपल्या ट्रकच्या आसनामागे ठेवल्या. कॉय ओट्याच्या खांबाला टेकून बघत होता. त्यानं अडवलं नाही. शेवटची, हार्लनच्या बापाची जुनी, लाकडी दस्त्याची, उचलताना एल्डन घुटमळला.

"हार्लनला माहीत आहे का हे?"

"जेवताना कळेल."

"माझ्यावर चिडेल."

"माझ्यावर जास्त चिडेल. तू जा. आणि पेनीला उकडलेली कोंबडी घाल, हाडं काढून."

हार्लन अंधार पडायच्या आत घरी आला. बैठकीतून जाताना त्याची पावलं थबकली, ती तिनं स्वयंपाकघरातून ऐकली. काचेचं कपाट रिकामं, दार सताड उघडं. तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. आधी त्याची नजर कॉयकडेच गेली. तो टेबलाशी बसलेला दिसल्यावर कुठे त्यानं श्वास सोडला. म्हणजे भीती त्याच्याही पोटात होती तर. आर्लीनला एवढ्या वर्षांत हे कळलं नव्हतं.

"बंदुका कुठायत?"

"बस. बीन्स गार होतायत."

"आर्लीन, शनिवारी शिकार आहे. बंदुका कुठायत?"

तिनं तिघांच्या ताटल्यांत वाढलं, कांदा चिरून मध्ये ठेवला आणि बसली. हार्लन उभाच होता.

"बंदुका एल्डनकडे आहेत, आणि तिथंच राहणार. शिकारीला जायचं तर तू त्याच्याकडून घेऊन जा आणि त्यालाच परत दे. सुनावणीची उजळणी बंद. गुरुवारी मी बोलणार, व्हर्ननपासून सगळं; मिस प्रूइटला तसं कळवलंय. उद्या मी शाळेत जात नाहीये, कॉयला दवाखान्यात नेतेय, आणि जाताना आधी पेनीला घेणार."