फुलं तोडतानाचे दोन तास

विमलताईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी मला खोलीबाहेर बसवलं होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, डाव्या पायाच्या रक्तवाहिन्या आक्रसल्या होत्या. विडी सुटली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मखमलाबादला आमची झेंडूची शेती. पायाविना दादा, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका असलेल्या विमलताई पंचवटीतल्या घरी दर गुरुवारी विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्यांची बैठक घेतात, असं कळलं. मी दादांना घेऊन गेले आणि दारातच तक्रारी सुरू केल्या. त्या शांतपणे ऐकून ताई म्हणाल्या, "तुम्ही जरा ओट्यावर बसता का? दादांना बोलायला जागा हवी."

दार उघडंच होतं. ताईंनी विचारलं, "दादा, दिवसात विडी ओढत नाही अशी कोणती वेळ?"

"फुलं तोडताना नाय ओढत. देवाला जायची ती फुलं. धुराचा वास कसा चालंल?"

"किती वेळ तोडता?"

"दोन तास. लय माल असला तर तीन."

"म्हणजे दोन तास तुम्हाला जमतंच. आपण तिथून पुढं जाऊ."

चाळीस वर्षं आम्ही दादांच्या विड्या पाहिल्या. ते दोन तास घरात कुणालाच दिसले नव्हते.

माणसाचं काय बिघडलंय यापेक्षा त्याच्यात काय शाबूत आहे हे आधी पाहायचं, हे सकारात्मक मानसशास्त्र ताईंनी आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्तीनंतर ओसरीवर आणलं. औषध लागेल त्याला त्या आधी डॉक्टरांकडे पाठवतात. "माझं बोलणं गोळीबरोबर घ्यायचं, गोळीऐवजी नाही," असं बजावतात. बैठकीत प्रत्येकाने रोज घडलेली एक बरी गोष्ट वहीत लिहायची असते. मनमाडचे एक रेल्वेतले गृहस्थ आठवडाभर एकच वाक्य लिहून आले: चहा चांगला झाला. सगळे हसले. ताईही हसल्या आणि म्हणाल्या, "आता चहा कुणी केला तेही लिहा." पुढच्या गुरुवारी त्यांच्या पत्नी सोबत आल्या. "लग्नाला तीस वर्षं झाली, माझं नाव यांनी पहिल्यांदा कागदावर लिहिलं," त्या म्हणाल्या. त्या गृहस्थांची सिगारेट अजून पूर्ण सुटलेली नाही. पण बैठकीत त्यांची जागा पहिल्याच रांगेत असते.

दादांचे दोन तास वाढत वाढत दिवसभराचे झाले. तीन महिने विडी नव्हती. मग एका नातलगाच्या दहाव्याला गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला वास आला. हो, मी सदरे हुंगत होते, खिसे तपासत होते. "सगळं पाण्यात घातलंत," असं मी सगळ्यांदेखत बोलले. दादांनी बैठक सोडली. माझ्याशी बोलणंही.

दोन गुरुवार दादा दिसले नाहीत, तेव्हा ताई पहाटे रिक्षाने आमच्या मळ्यात आल्या. वय एकोणसत्तर. पदर खोचून, टोपली घेऊन तासभर दादांच्या शेजारी झेंडू तोडला. विडीचं नावही काढलं नाही. शेवटी बांधावर बसल्यावर एवढंच विचारलं, "दादा, एका विडीनं तीन महिने जळाले का हो?"

दादांनी हातातलं फूल टोपलीत टाकलं. मग म्हणाले, "नाय. तेवढे हायेतच."

निघताना ताई मला म्हणाल्या, "तू त्यांची विडी शोधतेस ना, म्हणून त्यांनाही तीच आठवत राहते." आवाजात राग नव्हता. मला मात्र रडू आलं, आणि त्या रिक्षा थांबवून माझ्याजवळ उभ्या राहिल्या. त्या गुरुवारी दादा आणि मी बैठकीला गेलो. तेव्हापासून मी जातेच आहे, आता ताईंच्या मदतीला. नवं कुणी तक्रारी घेऊन आलं की त्यांना ओट्यावर बसवायचं काम माझ्याकडे आहे.

दादांनी त्यानंतर विडी ओढली नाही. पाय राहिला.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या हाराची फुलं बाहेरून आणायची नाहीत, असं दादांनी आयोजकांना बजावलंय. "मी उभा राहून तोडनार. अजून दोन पाय हायेत मला."

ताई, असा हार दर वर्षी यावा. तोडायला दादा असावेत आणि घालून घ्यायला तुम्ही.