लाल बटण

शेत वाट्यानं देऊन आम्ही शिरूरला ब्लॉकमध्ये आलो, तेव्हा सासूबाईंनी हॉलमध्ये एकोणीस कुंड्या मांडल्या. मनी प्लांट, क्रोटन, नेचे. त्यांचे गुडघे गेल्यावर सगळ्यांचं पाणी माझ्या गळ्यात पडलं. माहेरी जायचा विषय काढला की ठरलेलं उत्तर, "जा की. पर झाडास्नी पाणी कोन घालंल?" सात वर्षं मी त्या झाडांना बांधलेली होते. देवाशप्पथ सांगते, एकेक पान ओरबाडून टाकावंसं वाटायचं.

दौंडला माझे वडील, आबा, एकटेच. रेल्वेतून रिटायर झालेले, आई नव्हतीच. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. फोनवर म्हणाले, "पट्टी काढली की पैलं तुझंच तोंड बगायचं, पोरी."

मग मी इरेलाच पेटले. कूलरची छोटी मोटर बादलीत सोडली. बादली रिकामी होऊ नये म्हणून टाकीच्या पाइपाला फ्लशचा फुगा बसवला, पाणी उतरलं की आपोआप भरणारा. मेडिकलमधून सलाइनच्या नळ्या आणल्या, प्रत्येक कुंडीत एक. नळीवरचं चाक फिरवून थेंब कमीजास्त करता यायचे. खतासाठी युरियाचं पाणी भरलेली बाटली बादलीवर उलटी टांगली. सासूबाई म्हणाल्या, "घराचा पार दवाखाना केला हिनं."

अडचण एकच, पाणी बंद कोण करणार? त्यावर माझी अक्कल अशी चालली: रोज सकाळी नऊला लोडशेडिंग. विहिरीवरच्या मोटरचा जुना स्टार्टर माळ्यावर पडून होता, तो वायरमनकडून घरच्या लाईनीला जोडून घेतला. वीज गेली की स्टार्टर पडतो, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. नवऱ्यानं साडेआठला कंपनीत जाताना ते दाबायचं, बस. तेवढं काम त्यांनी उपकार केल्यासारखं कबूल केलं. आठ दिवस ट्रायल घेतली, एक पान पिवळं पडलं नाही. सासूबाईंना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

ऑपरेशन झालं त्या दिवशी मी दवाखान्यात आबांच्या उशाशी होते. पट्टी दुसऱ्या दिवशी निघणार होती. संध्याकाळी आबांच्या शेजाऱ्यांच्या फोनवर नवऱ्याचा निरोप आला. शिरूरला कोण्या मंत्र्याचा दौरा होता, म्हणून वीज गेलीच नाही. मोटर दिवसभर चालली. हॉलमध्ये घोटाभर पाणी, कुंड्यांचा चिखल, आणि सासूबाई एकसारख्या रडतायत, पहाटेच्या गाडीनं निघ. लोडशेडिंगच्या भरवशावर यंत्र बांधणारी शहाणी मीच. आबा म्हणाले, "जा बाय, म्हातारं मानूस हाय त्ये."

पहाटेची एसटी धरली, पाटसला बदलली. घरी आल्यावर पदर खोचून पाणी उपसायला लागले. फरशी पुसत पुसत सासूबाईंच्या खुर्चीपाशी आले आणि वर बघितलं. स्टार्टर त्यांच्या हाताशीच होता. बसल्या जागी लाल बटण दाबून मोटर बंद करता आली असती. आणि शेतावर असताना विहिरीवरची मोटर रोज कुणी बंद केली होती? त्यांनीच, याच बटणानं.

"आई, लाल बटण का नाही दाबलं?"

 त्या म्हणाल्या, "दाबलं असतं तर तू आली असतीस व्हय?"

मला इतका संताप आला की हातातलं फडकं मी भिंतीवर फेकलं.  घरात दिवसभर एकटं बसून राहण्याची त्यांना भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. पण माफ करावंसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

संध्याकाळी दौंडला फोन लावला.

"निगाली पट्टी," आबा म्हणाले. "झ्याक दिसतंय."

"पहिलं काय दिसलं?"

"कंपाउंडर," ते म्हणाले. "तुझी झाडं जगली का?"