शहाकाकांचा पतंग आणि तान्हीचं काजळ

गेल्या संक्रांतीला मी माझ्या तान्ह्या भाचीचं काजळ स्वतःच्या डोळ्यांखाली फासलं. मला तेव्हा सत्तेचाळिसावं लागलं होतं.

कारण शास्त्रीय होतं. बोरिवलीतल्या आमच्या गच्चीवरून आम्ही पतंग चढवला, की समोरच्या इमारतीतले शहाकाका तो कापतात. दर वर्षी. दुपारनंतर सूर्यही त्यांच्याच बाजूला (फ्लॅट घेताना हे कोण बघतं?). त्यांचा पतंग उन्हात शिरतो, माझे डोळे दिपतात आणि पलीकडून 'काप्यो छे' ऐकू येतं. या वेळी आठवीतल्या ऋचाने, म्हणजे माझ्या लेकीने, सरळ सांगितलं होतं, "बाबा, एकदा तरी त्यांचा काप ना. नाहीतर पुढच्या वर्षी मी त्यांची फिरकी धरणार."

पोटची पोर पक्ष बदलणार! टीव्हीवर खेळाडू डोळ्यांखाली काळे पट्टे ओढतात, ते मी पाहिलं होतं. काळा रंग उजेड शोषून घेतो, असं मी जिना चढता चढता ऋचाला समजावलं. वाटेत बायको भेटली. तिने फक्त नाटक कुठलं आहे ते विचारलं.

पण भाचीचं ते काजळ आईने घरी केलेलं, भरपूर तूप घालून खललेलं. उन्हात माझे गाल बूटपॉलिश केल्यासारखे चमकायला लागले. आधी ऊन नुसतं वरून येत होतं, आता खालूनही येऊ लागलं! मग तूप वितळलं. मी बाहीने घाम पुसला आणि सगळं काजळ डोळ्यांत गेलं. तेवढ्यात शहाकाकांशी पेच लागला.

डोळे काही उघडेनात. मागे फिरकी धरलेली ऋचा हुकूम सोडत होती. ढील दे म्हटलं की ढील, खेच म्हटलं की खेच. बोटांना पलीकडचा मांजा घासताना जाणवत होता. एकदम तो ताण गेला. लागली वाट, मी मनात म्हटलं.

"बाबा, कापला! आपण कापला!"

तोंड काळं झालेला माणूस एवढ्या ताठ मानेने जिना उतरताना आमच्या सोसायटीने प्रथमच पाहिला. प्रत्येक मजल्यावर थांबून मी काजळाचं शास्त्र सांगितलं. घरी पोचेपर्यंत ऋचाने आजीला सगळी हकिकत सांगून टाकली होती.

"आई," मी म्हटलं, "प्रयोग यशस्वी. डोळ्यांना उन्हाचा जरासुद्धा त्रास झाला नाही."

आई काजळाची रिकामी डबी हातात घेऊन बसली होती. ती मालवणीत म्हणाली,

"डोळे मिटल्यार ऊन खयसून लागतला रे, मेल्या?"