साठी उलटलेली राजकन्या

आमच्या बेल व्ही गावात राजकन्येची साठी उलटली तरी तिला कुणी हसत नाही. फिफिन शार्लरी राजकन्या झाली तेव्हा तिचे सगळे दात जागच्या जागी होते. माझेही होते, पण माझं राहू दे, मी नुसती दरबारातली नर्स. पांढरी टोपी घालायची, हातात टोपली धरायची आणि नाचता नाचता कुणाला घेरी आलीच तर त्याच्या नाकाशी बे रमच्या वासाच्या पाण्याची बाटली धरायची. एरवी मी कपडे शिवते. माझी सुई आजवर कापडाशिवाय कुणाला टोचलेली नाही.

दरबार म्हणजे आमचं गुलाबाचं मंडळ, सणासाठी गाणारं-नाचणारं. नदीपलीकडे मार्गेरितच्या फुलाचं मंडळ आहे. त्यांनाही राजा आहे, राणी आहे, पण त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. माणसं चांगली आहेत, गाणी तेवढी झोपेत म्हटल्यासारखी म्हणतात. आमच्याकडे राजा म्हणजे मासे विकणारा युस्टाश, न्यायाधीश म्हणजे अल्सिद न्हावी आणि सार्जंट म्हणजे मिनीबस चालवणारा इग्नेशस. हा लाकडी तलवार घेऊन हॉलच्या दारात उभा असतो. आत येणाऱ्यानं सिंहासनापुढे तीनदा गुडघे वाकवायचे: दारात, मधोमध आणि अगदी समोर गेल्यावर. चुकेल त्याला सार्जंट धरतो आणि न्यायाधीशापुढे उभा करतो. एकदा खुद्द पाद्रीबाबांना धरलं होतं. त्यांना बाकावर उभं राहून आमचं गाणं म्हणायला लावलं, आणि बिचाऱ्यांना ते येत नव्हतं.

वाकायचं ते प्रजेनं. राजा आणि राणी त्या छपराखाली कुणापुढेही वाकत नाहीत. हा कायदा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फिफिनचं पोट कसावाच्या भाकरीवर चालतं. पहाटे कसावाचे कंद किसायचे, पिळून त्यांचं विषारी पाणी काढायचं आणि मोठ्या लोखंडी तव्यावर भाकऱ्या टाकायच्या. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. दोन मुलगे राजधानीत, कास्त्रीला नोकरीला आहेत, सणाला येतात. धुरानं तिचे डोळे कायम लाल, पिठानं हात कोपरापर्यंत पांढरे. पण तिच्याकडे भाकरी घ्यायला गेलात तर ती उठून उभी राहत नाही. बसल्या जागेवरून हात पुढे करते आणि आपणच वाकून भाकरी घेतो. गावात नवीन आलेल्यांना हा उर्मटपणा वाटतो. आम्हाला वाटत नाही.

हा ताठा तिला आईकडून आला. तिची आई सिदोनी मळ्याच्या बंगल्यावर कपडे धुवायची. तिथे तिला नाव नव्हतं. बाईसाहेब खिडकीतून "अगं ए" म्हणायच्या आणि ही वर बघायची. पण संत रोझच्या सणाला सिदोनी आमची राणी असायची. एकदा मिरवणूक रस्त्यानं चालली होती आणि समोरून मळ्याच्या मॅनेजरची गाडी आली. सिदोनी बाजूला झाली नाही, गाडी झाली. लहानगी फिफिन आईच्या झग्याचा लांब घोळ धरून मागे चालत होती. ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितली आहे की आता मलाच तिथे असल्यासारखं वाटतं. सिदोनी गेली तेव्हा तिच्या शवपेटीवर लाकडी तलवारींची कमान धरली होती आणि बंगल्यावरून कुणी आलं नव्हतं.

आईच्या मागे लेकीला खुर्ची मिळायला हवी होती. पण फिफिन तेव्हा फार तरुण, म्हणून मंडळानं एर्नेस्तिनला राणी केलं आणि हिला राजकन्या. एर्नेस्तिनला कसली घाई? ती खुर्चीत म्हातारी झाली. शेवटची दोन वर्षं तर तिच्या पायांनी दगा दिला, घराबाहेर पडेना, तेव्हा तिच्या जागी फिफिन बसायची. राणी म्हणून नव्हे, राणीच्या वतीनं. पण बसायची कशी ते बघायला हवं होतं. लोक वाकले की ही लगेच मान हलवायची नाही. गुडघे पुरते वाकले आहेत की नाही बघायची, मग हळूच हनुवटी खाली घ्यायची. उरकल्यासारखं वाकलं तर परत दारात पाठवायची. व्हर्ना इपोलित एकदा खांद्याला पर्स अडकवून वाकली, तर म्हणाली, "व्हर्ना, बाजाराला निघालीस की दरबारात आलीस?" व्हर्नाचं खाडीवर गेस्ट हाऊस आहे, परदेशी पाहुणे येतात, पण ती मुकाट्यानं पर्स ठेवून आली आणि पहिल्यापासून वाकली. त्या दोन वर्षांत सगळ्या गावाचे गुडघे तिनं सरळ केले.

मग एर्नेस्तिनची मुलगी आली आणि आईला लंडनला घेऊन गेली. खुर्ची रिकामी झाली. त्याच सुमारास वादळात हॉलचं छप्पर उडालं, ते व्हर्नानं आपल्या खर्चानं नवं घालून दिलं. मंडळाचे अध्यक्ष फिल्जन्स मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी बैठकीत फार सुंदर भाषण केलं. काळ बदलला, मंडळाला नवा चेहरा हवा, वगैरे वगैरे. सगळे मान वर करून नव्या पत्र्यांकडे बघत होते. शेवटी मतं घेतली आणि व्हर्ना राणी झाली. तिनं ते मागितलंही नव्हतं. कानशिलापर्यंत लाल होऊन नुसती बसून होती.

मी फिफिनकडे बघण्याचं धाडस केलं नाही. घरी जाताना वाटेत तिला म्हणाले, फार वाईट झालं गं. ती चालत राहिली. पुलावर आल्यावर म्हणाली, "लिओनीझ, मला सणाला नवा झगा हवा. गडद गुलाबी. आणि मागचा घोळ वेगळा शीव, हुकांनी लावता येईल असा."

घोळ फक्त राणीला. राजकन्येनं लावला तर इग्नेशस तिला दारातच धरेल, हे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, अगं, मतं झाली, सगळ्यांनी हात वर केले.

"हात वर केले," ती म्हणाली. "हातांचं काय घेऊन बसलीस? दरबार गुडघ्यांवर चालतो. तू शीव."

मी शिवला. एवढा घोळ मी उभ्या आयुष्यात शिवला नव्हता, कडेनं पांढरी लेस आणि मधे गुलाब. शिवताना मी खिडकी लावून घ्यायचे. फिफिन मात्र माप द्यायला यायची तेव्हा आरशापुढे अशी उभी राहायची, जणू मीच कुठेतरी उशीर करते आहे. बाजारात बायका कुजबुजायच्या की म्हातारीला भ्रम झाला. एकीनं तिला तोंडावर विचारलं, काय मा फिफिन, सणाला कुठे उभ्या राहणार? तिनं भाकरी पुढे केली आणि म्हणाली, "उभी कशाला राहू?"

सणाच्या सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली. मग मिरवणूक निघाली. बँजो, व्हायोलिन, खुळखुळे, ढोल, सगळं वाजत होतं. व्हर्ना मुकुट घालून राजाच्या हातात हात घालून चालत होती. दिसत होती छान, उगाच खोटं का बोलू? पण पायांकडे बघून चालत होती. फिफिन मागे, घोळाशिवायच्या गडद गुलाबी झग्यात, समोर बघत. घोळ माझ्या टोपलीत होता, बाटलीखाली घडी घालून ठेवलेला.

मिरवणूक हॉलजवळ आली की राजकन्येनं पुढे जायचं, सिंहासनं नीट मांडली आहेत की नाही ते बघायचं आणि राणीच्या खुर्चीशेजारी उभं राहून राणीची वाट बघायची, असा आमचा रिवाज आहे. तशी फिफिन आत गेली. मीही तिच्याबरोबर गेले, कारण नर्सची जागा खुर्चीमागे असते. ती आईच्या त्या जुन्या खुर्चीच्या हातावर बोटं टेकवून उभी राहिली. बसली नाही. शपथेवर सांगते, बसली नाही.

इग्नेशसनं दारात तलवार आडवी धरली आणि घोषणा केली. ढोल घुमला. व्हर्ना उंबरठ्यावर आली, समोर फिफिन दिसली, आणि व्हर्नाचे गुडघे वाकले.

पुरते वाकले. दोन वर्षं शिकवलं होतं तसे. आणि राणी वाकली म्हणताना तिच्या मागून येणारा सगळा दरबार वाकला, युवराज, शिपाई, फुलं उधळणाऱ्या मुली, इतकंच काय युस्टाश राजाही, डोक्यावरचा मुकुट सावरत. व्हर्ना मधोमध आली आणि दुसऱ्यांदा वाकली. बँजोवाला वाजवायचं थांबला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. ती अर्धवट वाकलेली तशीच थांबली.

फिफिननं हळूच हनुवटी खाली घेतली.

स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यातला बुयोनचा रस्सा रटरटताना हॉलमध्ये ऐकू येत होता. राणी वाकली होती. आमच्या मंडळात असं कधी झालं नव्हतं, माझ्या आईच्या आठवणीतही नाही. इग्नेशसनं न्यायाधीशाकडे बघितलं, न्यायाधीशानं अध्यक्षांकडे, अध्यक्षांनी छपराकडे. शेवटी इग्नेशस पुढे झाला, कारण कायदा तो कायदा, आणि त्यानं व्हर्नाच्या दंडाला हात लावला. "राणीसाहेब, माफ करा, पण चला," म्हणाला.

खटला तिथेच उभा राहिला. राजाही वाकला होता, पण त्याचं अल्सिदनं पुढच्या शनिवारवर टाकलं. एका वेळी एकच मुकुट, म्हणाला. मग त्यानं डोक्यावरचा न्यायाधीशाचा कापसाचा टोप नीट केला आणि विचारलं, आरोपी कुणापुढे वाकली? लोक हसायला लागले. त्यांना वाटलं आता गाणं म्हणण्याची शिक्षा होईल आणि सुटलो. फिल्जन्स मास्तर मोठ्यानं म्हणाले की सवयीनं झालं, पुढचा कार्यक्रम घ्या.

व्हर्ना हसत नव्हती. ती अल्सिदला म्हणाली, "राणीपुढे वाकले. आणखी कुणापुढे?"

"राणी तू आहेस, बाई."

"मग माझे गुडघे खोटं बोलले का?" तिनं मुकुट काढून हातात घेतला. "मास्तर, छप्पर मी पाऊस लागू नये म्हणून दिलं. आतल्या खुर्चीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो तुम्ही जोडलात."

मास्तरांनी बैठक, ठराव, असं काहीतरी काढलं. कुणी ऐकत नव्हतं. मागून एक बाई म्हणाली की मीही मा फिफिनपुढेच वाकले. मग दुसरी म्हणाली. मग युस्टाश राजा म्हणाला, आणि राजाच म्हणाल्यावर संपलंच. अल्सिदनं निकाल दिला: आरोपीनं मुकुट जिथला तिथे पोचवावा. बाजारात कुजबुजणाऱ्या बायका सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होत्या, हेही सांगून ठेवते.

त्यावर फिफिननं नको, कशाला, असं काही म्हटलं नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती. ती व्हर्नासमोर उभी राहिली आणि डोकं पुढे केलं, फक्त डोकं, गुडघे ताठ. मुकुट बसल्यावर व्हर्नाला म्हणाली, "राजकन्या आता तू. घाई करू नकोस, मी पुष्कळ जगणार आहे." सगळा हॉल हसला, व्हर्ना सगळ्यांत जास्त. किती हलकी दिसत होती ती तेव्हा.

मग फिफिन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी टोपलीतून घोळ काढला आणि हुक लावायला लागले. तेव्हा मला कळलं. एवढे दिवस पुलावर, बाजारात, आरशापुढे ताठ उभी असलेली ती पाठ माझ्या बोटांखाली थरथरत होती आणि झगा घामानं भिजला होता. एक हुक माझ्याकडून लागेचना. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, दिसेल कसं? ती मान न वळवता हळूच म्हणाली, "लाव गं. एवढं थांबले, एका हुकाचं काय."

शेवटचा हुक लागला. ढोल पुन्हा सुरू झाला. फिफिन त्या मुकुटासकट, घोळासकट खुर्चीच्या समोर गेली, आणि आम्हाला वाटलं आता ती वळेल आणि बसेल. ती वळली नाही. रिकाम्या खुर्चीपुढे तिनं गुडघे वाकवले. लहान मुलीसारखे, अगदी खालपर्यंत.

पुन्हा तोच गुन्हा. डोक्यावर मुकुट असलेली राणी वाकली होती. इग्नेशस बिचारा गोंधळला. एका दिवसात दोन राण्या धरायच्या म्हणजे काय. तरी तो तलवार सावरत एक पाऊल पुढे आला.

"थांब, इग्नेशस," ती खुर्चीवरची नजर न काढता म्हणाली. "आधी आईला उठू दे."

इग्नेशस थांबला. आम्ही सगळेच थांबलो. मग ती वळली आणि बसली.